चंबू कोणाचा? मायकेल कार्ड्यू आणि विंचकमची भट्टी

माझी मावसबहीण चेल्टनमला असते. गेल्या हिवाळ्यात तिने जुन्या वस्तूंच्या दुकानातून चार पौंडांना एक मातीचं भांडं उचललं आणि त्याचे सात फोटो मला पाठवले. खाली लिहिलं होतं, "ताई, दुकानातल्या बाई म्हणाल्या हे विंचकमचं आहे. ऑनलाइन बघितलं तर असलीच भांडी 'कार्ड्यू' म्हणून शेकडो पौंडांना विकायला आहेत. मी श्रीमंत झाले का?"

मी रविवारच्या वर्गात चाकावर बसून कंबर धरून घेतलेली बाई. माझ्या मताला बाजारात किंमत नाही. पण मायकेल कार्ड्यू हा इंग्लंडचा कुंभार माझा जुना आवडता माणूस, त्यामुळे प्रश्न अंगावर घेतला. हे प्रकरण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. ते एका ओळीत देता आलं असतं, पण त्या ओळीपर्यंत यायला मला त्या माणसाचं सगळं आयुष्य उलगडावं लागलं.

आधी भांडं. उंची साधारण एक वीत. दुधाचा जग म्हणावा तर जरा बुटका; आमच्या आजीने त्याला कान लावलेला चंबू म्हटलं असतं. आतून मधाच्या रंगाची चकचकीत झिलई. बाहेरून वरचा अर्धा भाग गडद तपकिरी, खालचा अर्धा उघडा, विटेच्या रंगाचा. तपकिरी पट्ट्यात कंगव्याने ओढल्यासारख्या तीन लाटा, आणि तिसरी लाट कानाशी येता येता घाईत संपलेली. कानाचं खालचं टोक अंगठ्याने दाबून बसवलेलं. फोटो मोठा केला तर अंगठ्याचा खोलगट ठसा दिसत होता. त्या कानाच्या पायथ्याशी, बुडाजवळ, एक छोटा गोल शिक्का. त्यात डब्ल्यू आणि पी ही दोन अक्षरं, म्हणजे विंचकम पॉटरी, कार्ड्यूने विंचकम गावी चालवलेला भांड्यांचा कारखाना. एम आणि सी, म्हणजे मायकेल कार्ड्यूची आद्याक्षरं, कुठेच नव्हती.

सगळा घोळ इथून सुरू होतो.

ऑक्सफर्ड सोडून चिखलात

मायकेल कार्ड्यू १९०१ मध्ये लंडनजवळच्या विंबल्डनला जन्मला. घर खाऊनपिऊन सुखी. वडील सरकारी नोकरीत, आणि त्यांना जुन्या गावठी भांड्यांचा शौक. सुटीला सगळे उत्तर डेव्हनमध्ये सॉन्टनला जात. तिथून जवळच्या फ्रेमिंग्टन गावात एडविन बीअर फिशली नावाचा कुंभार होता. पाण्याचे घडे, दुधाची भांडी, सायडरचे (सफरचंदाच्या दारूचे) बुधले असा त्याचा माल. लाल माती, पिवळसर झिलई, वर एखादी ओळ कोरलेली. कार्ड्यूंच्या घरात ही भांडी रोजच्या वापरात होती. फिशली १९१२ मध्ये गेला आणि पोराच्या मनात बसलं की आता असलं भांडं कोणी करणार नाही.

पुढे ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात तो ग्रीक-लॅटिन शिकायला गेला. शिष्यवृत्तीवर गेला, पण सुट्या फिशलीचा नातू विल्यम फिशली हॉलंड याच्याकडे ब्रॉन्टनला चाकावर घालवू लागला. परिणाम व्हायचा तोच झाला. डिग्री मिळाली, तीही तिसऱ्या वर्गात. आपल्याकडे अशा मुलाला घरच्यांनी निदान बीएड तरी करायला लावलं असतं. कार्ड्यू १९२३ च्या जुलैत सरळ कॉर्नवॉलला, सेंट आइव्हजला, बर्नार्ड लीच या कुंभाराच्या दारात जाऊन उभा राहिला.

लीचने शोजी हमादा या जपानी कुंभाराच्या सोबतीने १९२० मध्ये ती पॉटरी उभी केली होती. इंग्लंडच्या स्टुडिओ पॉटरीचा, म्हणजे कारखान्याबाहेर कलावंत कुंभारांनी हाताने केलेल्या भांड्यांचा, उगम सांगताना याच दाराशी यावं लागतं. पण लीचचं मन जपान, कोरिया, सुंग काळातल्या चीनकडे ओढलेलं. त्याला हवं होतं स्टोनवेअर: तेराशे अंशांच्या आसपास भाजलेली, दगडासारखी घट्ट, राखाडी-निळसर भांडी. कार्ड्यूचा जीव अडकला होता डेव्हनच्या लाल मातीत. तीन वर्षं तो तिथे शिकला आणि १९२६ मध्ये आपली वाट धरून ग्लॉस्टरशरला गेला.

विंचकम

विंचकम गावाबाहेर ग्रीट म्हणून वस्ती आहे. तिथे एक जुनी पॉटरी पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात बंद पडलेली होती. शेतकऱ्यांसाठी कुंड्या आणि दुधाचे पसरट तसराळे करणारी. बाटलीच्या आकाराची भली थोरली विटांची भट्टी, मोडकळलेली शेड आणि पायाखाली माती. कार्ड्यूने ती भाड्याने घेतली. वय पंचवीस.

त्याचा इरादा साधा होता, आणि म्हणूनच अवघड. सतराव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत जी स्लिपवेअर भांडी होत, त्या परंपरेत भांडी करायची. पण ती आजच्या स्वयंपाकघरात चालली पाहिजेत, आणि बेताच्या कमाईच्या माणसाला परवडली पाहिजेत. फुटलं तर हळहळ वाटावी, पण घर बुडाल्यासारखं वाटू नये, इतकी किंमत.

त्या काळातलं दुसरं टोक बघितलं की यातली हिंमत कळते. विल्यम स्टेट मरे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवत असे, आपल्या भांड्यांना चित्रांसारखी नावं देई, आणि लफेव्हर गॅलरीत मोठ्या नगांना शंभर गिनींहून जास्त भाव लावी. भांडं म्हणजे शिल्प, असं त्याचं म्हणणं. कार्ड्यूचं म्हणणं, भांडं म्हणजे भांडं.

स्लिपवेअर म्हणजे काय ते जरा जवळून बघू, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावर आहे. लाल मातीचं भांडं चाकावरून उतरवायचं. ते चामड्याइतकं कडक झालं की पांढऱ्या किंवा काळ्या मातीच्या पातळ राबडीत, म्हणजे स्लिपमध्ये, बुडवायचं. लेप ओला असतानाच कंगव्याने किंवा बोटाने तो खरवडायचा, की खालची लाल माती रेघ होऊन वर येते. नाहीतर मेंदीचा कोन धरावा तशी राबडीची बारीक धार सोडून नक्षी काढायची. एकदा फिरलेलं बोट पुन्हा फिरवता येत नाही. पुसायला गेलात की चिखल. या भांड्यांवर जो मोकळेपणा दिसतो तो या घाईतून आलेला आहे. मी हे स्वतः करून बघितलंय. माझ्या लाटा विद्यार्थ्याने पट्टीने आखल्यासारख्या येतात.

वरून झिलई. विंचकमला ती गॅलिनाची, म्हणजे शिशाच्या खनिजाची पूड पाण्यात कालवून कच्च्या भांड्यावरच चढवलेली. मग एकदाच भाजणं, साधारण हजार अंशांच्या जरा वर. शिसं वितळताना मातीतलं लोह ओढून घेतं, आणि त्यातून तो मधाचा रंग येतो. पांढऱ्या लेपावर तो पिवळा दिसतो, लाल मातीवर तपकिरी, काळ्या लेपावर जवळजवळ काळा. रंग तीनच, पण जळत्या लाकडाचा धूर कुठे किती लागला यावर प्रत्येक भांडं वेगळं.

आता माणसं. जुनी पॉटरी चालू होती तेव्हाचा मुख्य कारागीर एलायजा कम्फर्ट गावातच होता. साठी उलटलेला, पॉटरी बंद पडल्यावर शेतमजुरीला लागलेला. कार्ड्यूने त्याला पुन्हा चाकावर बसवलं. १९२७ मध्ये चौदा वर्षांचा सिडनी टस्टिन हाताखाली आला. पुढे त्याचा भाऊ चार्लीही आला. ऑक्सफर्डचा पदवीधर मालक, अंगठ्यात आयुष्य मुरलेला म्हातारा आणि चाक फिरवणारं पोर, एवढीच सुरुवातीची विंचकम पॉटरी. मालकाला होमर पाठ होता. मोठं तसराळं एका दमात उभं करायची हातोटी मात्र म्हाताऱ्याकडे होती. माझ्या मते कार्ड्यूचं खरं विद्यापीठ हेच. लीचने त्याला डोळा दिला, आकाराचा भार कसा असतो ते कम्फर्टच्या हाताकडून कळलं.

भट्टी हा रोजचा मनस्ताप होता. इतकी मोठी, की ती भरायलाच महिनोन्महिने काम करावं लागे. एकदा पेटवली की रात्रंदिवस लाकूड घालत बसायचं, आणि आत कुठे कमी आच लागली, कुठे जास्त, ते दार फोडल्यावर कळणार. शेवटच्या क्षणी गणित चुकलं तर कित्येक महिन्यांची कमाई एका रात्रीत खापरं. पहिली काही वर्षं अशाच हिसक्यांत गेली. तिशीच्या दशकात मात्र भट्टी हाताला आली आणि कार्ड्यूची सर्वांत सुंदर लाल मातीची कामं तिथून निघाली: खाली तोटी बसवायला भोक ठेवलेले सायडरचे मोठे बुधले, रुंद तबकं, अंडी भाजायची कान असलेली ताटली, कॅसरोल (ओव्हनमध्ये शिजवायचं झाकणाचं भांडं), चहाची किटली, आणि चंबू. शेकड्यांनी चंबू.

हे विकत घेत कोण होतं? इथे माझ्या आवडत्या माणसाचा हिशेब कोसळतो. ज्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या परंपरेत तो भांडी करत होता, त्या शेतकऱ्याच्या घरी तोवर एनॅमलची आणि कारखान्याची पांढरी भांडी आली होती. ती हलकी, स्वस्त, न गळणारी. आपल्याकडे आधी जर्मनच्या आणि मग स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी कुंभाराचं जे केलं तेच. विंचकमच्या मालाला मान मिळाला तो लंडनला, चेल्सीतल्या म्युरिअल रोजच्या लिटल गॅलरीसारख्या जागी, जिथे हातमागाचं कापड आणि हातची भांडी शोधत सुशिक्षित गिऱ्हाईक येई. स्वस्त भांडी केली ती महाग भांडी परवडणाऱ्यांनी घेतली. पैसा मात्र स्वस्त भांड्यांचाच आला.

१९३३ मध्ये मारिएल रसेलशी लग्न झालं. सेथ, कॉर्नेलियस आणि एनिस असे तीन मुलगे. १९३६ मध्ये विंचकमलाच जन्मलेला कॉर्नेलियस पुढे इंग्लंडचा नावाजलेला बंडखोर संगीतकार झाला. १९८१ मध्ये पूर्व लंडनमध्ये एका गाडीने ठोकरून पळ काढला, त्यात तो गेला. पण ते पुढचं. तिशीत पाच तोंडं आणि एक बाटली भट्टी, हे गणित जमत नव्हतं.

१९३६ मध्ये रे फिंच नावाचा तरुण आला. आदल्या वर्षी तो विचारायला आला होता तेव्हा कार्ड्यूने त्याला आधी काही शिकून ये म्हणून परत लावलं होतं. तो लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये वर्षभर शिकून खरंच परतला. १९३९ मध्ये कार्ड्यू कॉर्नवॉलमधल्या वेनफर्ड ब्रिजला एक जुनी खानावळ घेऊन तिकडे गेला आणि विंचकम फिंचच्या हवाली केलं. फिंचने १९४६ मध्ये पॉटरी विकत घेतली आणि तो २०१२ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, गेला.

कार्ड्यूचा मूळ इरादा प्रत्यक्षात आणला तो या फिंचने, असं मी कुठेही म्हणायला तयार आहे. १९५० च्या दशकात त्याने स्टोनवेअरकडे मोर्चा वळवला, कारण शिशाची झिलई आता धोक्याची वाटू लागली होती. बाटली भट्टी शेवटची पेटली १९५४ मध्ये. १९६१ मध्ये लंडनच्या कार्नेबी स्ट्रीटवर क्रँक्स नावाचं शाकाहारी हॉटेल निघालं. तिथे गिऱ्हाइकापुढे सूप आणि सॅलड यायचं ते विंचकमच्या वाडग्यांत. रोज शेकडो माणसं त्यात जेवत होती, वाडगे विसळले जात होते, काही फुटत होते. सतराव्या शतकाची झाक त्यात नव्हती. बाकी सगळं कार्ड्यूने मागितलं होतं तेच.

आफ्रिका, आणि झिलई दिलेला माठ

वेनफर्ड ब्रिजला बसतो न बसतो तोच युद्ध. घरखर्चासाठी १९४२ मध्ये कार्ड्यू गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, अक्राजवळच्या अचिमोटा कॉलेजात हॅरी डेव्हिसच्या जागी गेला. युद्धामुळे विलायतेहून माल येईना, म्हणून सरकारने अलाजोला विटा, कौलं आणि भांड्यांचा मोठा कारखाना काढायला लावला. कवितेसारखी भांडी करणाऱ्या माणसाला कौलांचा कोटा दिला. ते फसलं. भट्ट्यांनी दगा दिला, माती हट्टी निघाली, आणि १९४५ मध्ये संस्थेलाच टाळं लागलं.

कोणताही शहाणा माणूस घरी गेला असता. कार्ड्यू स्वतःच्या पदरच्या पैशांवर व्होल्टा नदीकाठच्या वुमे गावी गेला आणि तीन वर्षं झगडत राहिला. हाताशी जे दगड आणि जी माती मिळेल ती दळायची, गाळायची, भट्टीत घालून बघायची. बहुतेक भांडी तडकली, फुगली, वाकली. जी थोडी टिकली ती काळपट, कांस्यासारख्या झाकीची, जड अंगाची. प्रकृती ढासळल्यावर १९४८ मध्ये तो परतला. या अपयशातून उरलेली मूठभर भांडी आज संग्राहक सर्वांत आधी मागतात. त्यात दुर्मिळपणाचा भाग आहेच, पण निव्वळ तेवढं नाही. त्या भांड्यांकडे बघताना जाणवतं की करणाऱ्याने हार मानायची वेळ उलटून गेली होती.

मग नायजेरिया. १९५१ च्या सुमाराला सरकारी पॉटरी अधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि अबुजाला प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. हे अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. राजधानीने ते नाव घेतलं, आणि जुन्या गावाला आता सुलेजा म्हणतात. इथे कार्ड्यू पूर्णपणे स्टोनवेअरकडे वळला. नुसती माती न बघता डोंगर बघायला शिकला: कुठल्या खडकाची पूड कुठल्या आचेला वितळेल, कशातून झिलई निघेल. त्या सगळ्या अनुभवाचं पुस्तक, 'पायोनियर पॉटरी', १९६९ मध्ये आलं. मोठे उभे कान असलेलं त्याचं कॅसरोल तिथल्या ग्वारी लोकांवरून ओळखलं जातं. तेलाच्या बरण्या आणि चहाचे झाकणाचे डबे हीदेखील अबुजाचीच ओळख.

अबुजाच्या अमीराच्या वाड्यात त्याने हाताने घडवलेले पाण्याचे घडे बघितले. ते लादी क्वालीचे होते. १९५४ मध्ये ती केंद्रात आली, तिथली पहिली स्त्री. चाक न वापरता, मातीच्या वळ्या एकावर एक रचून, स्वतःच त्या घड्याभोवती फिरत ती इतका गोल आकार काढायची की चाकवाल्याने मान खाली घालावी. अंगावर सरडे आणि विंचू कोरायची. १९५८ पासून लंडनच्या बर्कली गॅलरीत अबुजाची प्रदर्शनं झाली आणि तिचं नाव झालं. आज नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेच्या मागे तिचं चित्र आहे. जगात किती देशांनी नोटेवर कुंभारीण छापली असेल?

पण एक गोष्ट मराठी वाचकाला लगेच टोचेल. क्वालीच्या गावी हे घडे उघड्या जाळावर भाजत. म्हणजे ते आपल्या माठासारखेच. पाणी झिरपे, वारा लागे, पाणी गार होई. अबुजाला त्यांना झिलई दिली आणि बाराशे अंशांवर नेलं. भांडं देखणं झालं, दगडासारखं झालं, आणि पाणी गार करायचं विसरलं. ते घेतलं युरोपियनांनी, शेल्फवर ठेवायला. वापरायची भांडी करायला निघालेल्या कार्ड्यूच्या हातून दुसऱ्याचं वापराचं भांडं शोभेचं झालं. आणि त्या बाईला त्यातून नाव आणि मान मिळाला, हेही तितकंच खरं. दोन्ही पारडी मी अजून तोलते आहे.

१९६५ मध्ये तो परतला आणि वेनफर्ड ब्रिजला काम करत राहिला. मधेच ऑस्ट्रेलियात जाऊन आला, १९७२ मध्ये लादी क्वाली आणि घानाचा कुंभार कोफी अथे यांच्यासोबत अमेरिका हिंडला. १९८१ मध्ये सीबीई किताब मिळाला, १९८३ मध्ये तो गेला.

शिक्क्यांचा बाजार

आता पुन्हा चंबूकडे.

कार्ड्यूचं काम जमवणारे लोक आधी भांडं उलटं करतात. सेंट आइव्हजच्या काळातल्या भांड्यावर पॉटरीचा शिक्का आणि शेजारी त्याचा एम-सी. विंचकमला डब्ल्यू-पी आणि त्याने स्वतः केलेलं असेल तर एम-सी. वेनफर्ड ब्रिजचा वेगळा शिक्का, अबुजाचा अरबी लिपीतला. एकच माणूस, पण बुडं वेगवेगळी, आणि त्यावरून काळ ठरतो. भावही तसेच चढत जातात. विंचकमच्या दोन शिक्क्यांच्या मोठ्या बुधल्यावर लिलावात काही हजार पौंड लागतात. नुसत्या डब्ल्यू-पीच्या छोट्या भांड्याला वीस-तीस पौंड मिळाले तरी पुष्कळ. आकार तोच, माती तीच, झिलई तीच, बहुधा त्याच भट्टीतून त्याच दिवशी निघालेली.

म्हणून विकणाऱ्याला मोह होतो. शिक्का फक्त पॉटरीचा असला तरी यादीत 'कार्ड्यू' हा शब्द घुसवायचा: कार्ड्यूच्या काळातलं, कार्ड्यूच्या शैलीतलं, बहुधा कार्ड्यूचं. सरळ खोटंही घडतं. १९८० च्या सुमाराला लंडनच्या लिलावांत बर्नार्ड लीचची म्हणून भांडी यायला लागली. शोध घेतला तर ती एका तुरुंगातल्या मातीकामाच्या वर्गात कैद्यांनी केलेली निघाली, लीचच्या शिक्क्यासकट. पारख करणारे फसले. त्या वर्गाच्या शिक्षकाचं कौतुक करावं की नाही, मला ठरवता येत नाही.

शिक्क्याच्या पलीकडे बघणारे संग्राहकही असतात. वेकफील्डचा डब्ल्यू. ए. इस्मे ग्रंथपाल होता. ग्रंथपालाच्या पगारात त्याने पाचशेहून अधिक कुंभारांची साडेतीन हजारांवर भांडी जमवली आणि एका लहानशा चाळवजा घरात ठेवली. २००१ मध्ये तो गेल्यावर ती यॉर्कच्या संग्रहालयाला मिळाली. घराचे फोटो बघितले तर खुर्चीवर बसायला जागा दिसत नाही.

मी बहिणीला कानाचा आणि बुडाचा आणखी जवळून फोटो काढायला लावला. विंचकमला कामगारही आपला शिक्का ठेवत: टस्टिनचा एस-टी, त्याच्या भावाचा सी-टी. फिंच बहुतेक भांड्यांवर स्वतःचा मारतच नसे. या चंबूवर पॉटरीखेरीज कोणाचाच नव्हता. मग उरतात खुणा. शिशाची मधाळ झिलई आणि लाल माती, म्हणजे स्टोनवेअरच्या आधीचा, साठीच्या दशकापूर्वीचा. बूड उघडं, खाली घसरलेला झिलईचा एक थेंब. कार्ड्यूचा आकार खांद्यात जरा फुगलेला, श्वास घेतल्यासारखा असतो. हा सरळ, कामापुरता. लाटा सराईत, पण तिसरी अर्धवट. दिवसात असले कितीतरी चंबू करणाऱ्याचा हात. माझा कौल सिडनी टस्टिनकडे गेला. तो चौदाव्या वर्षी आला आणि त्याच शेडमध्ये पन्नासेक वर्षं राहिला. कार्ड्यू तेरा वर्षं होता.

पण हा कौल म्हणजे अंदाज. विंचकममध्ये मालकाने नमुना करायचा, हाताखालच्यांनी तो शंभरदा करायचा, नक्षी तिसऱ्यानेच काढायची, भट्टी सगळ्यांनी लावायची, असा कारभार. भांडं कोणाचं, हा प्रश्न त्या शेडमध्ये कोणाला पडलाच नसता. तो पडला लिलावात.

बहिणीला लिहिलं, "श्रीमंत नाही झालीस. पण चार पौंडांत खरं विंचकम मिळालंय, बहुधा टस्टिनचं. विकू नकोस."

ती म्हणाली, "विकतेय कशाला? रोज ताक करायला घेते."

इथे मला फोनच करावा लागला. शिशाच्या झिलईच्या भांड्यात आंबट काही ठेवायचं नाही: ताक, लोणचं, चिंचेचं पाणी, लिंबाचं सरबत, काही नाही. आंबटाने शिसं सुटतं. अठराव्या शतकात डेव्हनमध्ये सायडर पिऊन लोकांच्या पोटात कळा येत, हातपाय लुळे पडत. जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवून दिलं की सायडरच्या घाण्यांतलं शिसं त्यात उतरत होतं. घरातली लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी वेगळी. ती स्टोनवेअर, तिच्याशी याची गल्लत नको.

"मग करायचं काय याचं?" ती वैतागली. "वापरायचं भांडं म्हणून इतकं पुराण सांगितलंस आणि आता वापरू नको म्हणतेस."

बरोबरच होतं तिचं. थोडा वेळ दोघीही गप्प. मग पलीकडून ड्रॉवर उघडल्याचा आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला.

सध्या त्यात तिची उलथनी, दोन डाव आणि एक रवी आहे.